खड्ड्यातली टेकडी

चंद्राची जी बाजू आपल्याला कधीच दिसत नाही, तिच्यावरचे खड्डे तपासून तपासून वहिनींच्या डोळ्यांच्या खाचा व्हायची वेळ आली होती. नकाशांच्या ऑफिसात एकवीस वर्षं! खड्डा, पुन्हा खड्डा, परत खड्डा. वीट आला होता.

नाही म्हणायला एकच खड्डा जगावेगळा होता. त्याच्या सपाट तळावर, बरोब्बर मधोमध, एक गोल टेकडी. ती शोधली वहिनींच्या नवऱ्यानं, याच टेबलावर बसून. बिचाऱ्याचं उभ्या नोकरीत तेवढंच काय ते नाव झालं. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. आज नवा नकाशा छपाईला जायचा होता. वहिनींची फक्त सही राहिली होती.

सवयीनं त्यांनी सावल्या पाहिल्या आणि हात थांबला. मोठा खड्डा आतून डावीकडे काळा होता, म्हणजे ऊन डावीकडून. मग टेकडी उजवीकडे काळी हवी. तीही डावीकडेच काळी! म्हणजे टेकडी कसली, खड्ड्यात खड्डा. असले तर पैशाला पासरी. फोटो उलटा धरला की खड्डा फुगून वर आल्यासारखा दिसतो, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. नवऱ्यानं मधला तुकडा मोठा केला आणि उलटा धरला. वहिनींना त्याचा भयंकर राग आला. मग रडू आलं.

"वहिनी, आटपा हो," साहेब म्हणाले. "तिथे कोण बघायला जातंय?"

कोणीच नाही. वहिनींनी 'टेकडी' खोडलं, 'खड्डा' लिहिलं आणि सही केली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. आल्यागेल्याला भिंतीवरचा टेकडीचा तो फ्रेममधला फोटो दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"आली का छापून माझ्या लेकाची टेकडी?"

"आई, टेकडी नव्हती हो ती. फोटो उलटा धरला होता ह्यांनी. मी आज खोडली."

सासूबाईंनी वर फ्रेमकडे पाहिलं.

"सदरासुद्धा उलटा घालून शाळेत निघायचा," त्या म्हणाल्या. "दारातून हाक मारून परत बोलवायची मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "काढ ती फ्रेम."

वहिनी स्टुलावर चढल्या.

"कपाटात ठेवू?"

"कपाटात कशाला? सरळ करून लाव."