उन्हात धरलेली बाटली

देयानिराने होडीच्या इंजिनाची दोरी ओढली आणि होती नव्हती ती उमेदही तिच्या अंगातून गेली. धडधाकट इंजिनाची दोरी हात उलटा मागे खेचते, खांदा भरून येतो. ही दोरी विहिरीतून रिकामा पोहरा यावा तशी मुकाट्याने वर आली.

"काय म्हणतंय?" मागून आर्सेसिओने विचारलं.

"काय म्हणणार? मेलंय. वर्षात तिसऱ्यांदा मेलंय, दादा."

"मेलं कसलं! सकाळी पोरं शाळेत सोडून आलो त्याच्यावर."

"येताना वल्हं मारत आलास, ते नाही सांगितलंस."

आर्सेसिओ तिचा थोरला भाऊ. अत्रातो नदीवर ला लोमिता गावची पोरं वरच्या शाळेत न्यायची, बाळंतिणी दवाखान्यात पोचवायच्या, हे त्याचं काम. बायको गेल्यापासून तो जेवायचाही होडीतच. आणि देयानिरा गावातली एकुलती एक मेकॅनिक. बापाने शिकवलं होतं. तेव्हा बरं वाटायचं, हल्ली मनगटं सुजायची, आणि आज तर तिला भाजलेलं केळं खाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं. पण दादाचं इंजिन म्हणजे उद्याची पोरांची शाळा. करते काय!

तिने दोन्ही प्लग काढले, भोकात दाब मोजायचा गेज बसवला, दोरी ओढली. वरच्या सिलिंडरचा काटा अर्ध्यावर रेंगाळला. खालचा तर उठायलाच तयार नव्हता. मग तिने भोकातून चमचाभर तेल आत सोडलं आणि पुन्हा ओढली. काटा चटकन वर गेला.

"बघ, सुधारलं!" आर्सेसिओ खूश झाला.

"सुधारलं नाही, दादा. तेलाने फट बुजली घडीभर. म्हणजे हेडचं गॅस्केट ठीक आहे, दाब पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने पळतोय. खोलावं लागणार."

खोलायला दुपार गेली, शाळेतली पोरं दुसऱ्याच होडीने परत आली. एक बोल्ट गंजून बसला होता, त्याने तिच्याकडून बापाचाही उद्धार करवून घेतला. सिलिंडर बाहेर आला तेव्हा तिला जे दिसायला नको होतं तेच दिसलं. धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे, आणि रिंगा कार्बनमध्ये रुतून बसलेल्या. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची धार तर तिने मागच्याच खेपेला तपासली होती, चांगली जोरात होती. मग उरलं काय? तेल. आतले भाग घासू नयेत म्हणून पेट्रोलात मिसळायचं तेल कमी पडत होतं. पहिल्या खेपेला तिने तेलाच्या दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्या खेपेला पेट्रोलवाल्याला.

"दादा, तू तेल कमी घालतोयस."

"मी?" तो असा उसळला की शेजारची कोंबडी पळाली. "अगं, अख्खी नदी माझ्याकडून मिश्रण शिकली!"

ते खरंच होतं. या नदीवर तेल मापाने घालणं म्हणजे शहरी बावळटपणा. इथे पेट्रोलात लाल तेल ओतायचं, ढवळायचं, त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरायचं. जास्वंदीच्या सरबतासारखं दिसलं की झालं. आर्सेसिओच्या नजरेची तर लोक ग्वाही द्यायचे.

"मग हे ओरखडे काय मांजराने काढले?"

"तुझ्या रिंगाच भिकार असतील!" त्याने इकडेतिकडे पाहिलं, दगडावरची आपली बाटली उचलली आणि उन्हात धरली. "हे बघ, कालचं मिश्रण. सरबत आहे सरबत! याहून लाल काय करू?"

देयानिराच्या हातातली रिंग तशीच राहिली.

त्या बाटलीत कालचं मिश्रण नव्हतंच. रिंगा धुवायला तिने हाताला लागलेली बाटली घेतली होती, ती नेमकी दादाची निघाली. ती विसळून तिने कोरं पेट्रोल भरलं होतं. तेलाचा एक थेंब नाही, पाण्यासारखं फिकट.

गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. रिंगा बसवाव्यात आणि झोपावं. पण पावसाने वरून सुटलेले ओंडके नदीतून येत होते, आणि होडीत पोरं बसत होती.

"दादा," ती म्हणाली, "ते कोरं पेट्रोल आहे. मीच भरलंय."

त्याने बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ आणली.

"चेष्टा करतेस."

"दमलेय रे मी. चेष्टा करायचंही त्राण नाही."

त्याने बाटली परत दगडावर ठेवली. मग पालथ्या घातलेल्या होडीवर टेकला.

"सगळंच तांबूस दिसतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, ऊनच यंदा तसं आहे. गेल्या आठवड्यात ओंडका लागला, पोरं किंचाळली. मी म्हटलं, तुमची झोप उडवायला मुद्दाम लावला. हसली बिचारी."

देयानिराला रागही आला, आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. एमरी पेपर घेतला आणि सिलिंडर आतून घासायला लागली.

"उद्या पोरांना मी नेते," ती म्हणाली. "तिथून तसंच तुला किब्दोला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तोवर तू सुकाणूला हात लावायचा नाहीस."

"आणि मी काय करू? बाळंतिणीसारखा मध्ये बसू?"

"बस. बाळंतिणी निदान वाद तरी घालत नाहीत."

तो हसला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

रिंगांची फट असलेली तोंडं पिस्टनवरच्या खुंटीवर नीट बसवून, सगळं जोडून तिने दोरी ओढली, तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. दोरीने हात असा मागे खेचला की मनगटातून कळ गेली. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. नेहमी आर्सेसिओ अशा वेळी टाळ्या वाजवायचा. आज तो नुसता ऐकत उभा राहिला.

"नव्या रिंगा आहेत. पहिल्या टाकीला तेल जास्त लागेल," ती म्हणाली.

त्याने पेट्रोलच्या डब्यात तेल ओतलं, काठीने ढवळलं, बाटली भरली आणि सवयीने उरलेल्या उन्हात वर धरली. हात तसाच वर राहिला. मग, जे विचारताना या नदीवर त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"लाल आहे का गं?"

"अजून थोडं घाल, दादा."

त्याने घातलं, ढवळलं, पुन्हा बाटली धरली. या खेपेला तो बाटलीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"आता?"

"आता आहे," ती म्हणाली.

त्याने बाटली डब्यात रिकामी केली आणि डबा उचलून तिच्या हातात दिला.