बिनधुराची चूल

जव्हारच्या त्या एका खोलीच्या संग्रहालयात बिनधुराच्या चुलीच्या नामांकित संशोधकाचा कंगवासुद्धा काचेत ठेवला होता, केसांसकट. तो बघून वांगणीहून आलेल्या पुतळीला शिसारी आली. ती भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे वळली, तर त्या चुलीपुढे तिचीच आई, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"बघा, धूर गेला म्हणून किती खूश आहेत!" माहिती सांगणाऱ्या वनमालाबाई म्हणाल्या.

"माझी आई आहे ती. चुलीत राख तरी दिसते का, बाई?" पुतळी फणकारली. "साहेब फोटो काढून गेले. त्या चुलीवर आमचा भाकरीचा तवाच बसत नव्हता. कोंबडी अंडी घालायची तिच्यात."

"मग आई?"

"तीन दगडांवरच रांधत राहिली. धुरानं डोळे गेले. हा फोटो तिला दिसायचा नाही, तेवढं बरं."