बिनविरोध सुवर्णपदक

हरिबाला उभ्या जन्मात एकच गोष्ट पाहिजे होती, चुलतभाऊ दादासोला पाण्यात हरवायचं. बाकी सगळं देवानं दिलं होतं. पलटणीत असताना पोहून पोहून रेजिमेंटला ढाली आणून दिल्या, पेन्शन बसली, रानात ऊस उभा राहिला. पण सांगलीतल्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत दरसाल दादासो पहिला आणि हरिबा दुसरा. घरात रौप्यपदकांचा ढीग लागला होता. त्यातलं एखादं म्हशीच्या गळ्यात बांधू का, असं बायको लीलाबाई अधूनमधून विचारायची.

बरं, हरताना तरी अब्रूनं हरावं. हरिबाकडं टोपी, गॉगल, पलटणीत घोटलेले हात. दादासो मान पाण्याबाहेर काढून, मिशा न भिजवता पोहायचा आणि तरी पुढं. शिवाय कागदावर दोघांची जन्मतारीख एकच, सालासकट एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाला तीच वाटून टाकली होती. खरं तर दादासो तीन वर्षांनी धाकटा. हे हरिबा दरसाल पंचांना सांगायचा आणि पंच दरसाल त्याला चहा पाजायचे.

दोघांत बोलणं नव्हतं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं, त्यात एका रात्री हरिबाच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर कुणीतरी कापली. दादासोनं देवाच्या पायरीवर हात ठेवून "मी न्हाई" म्हणून सांगितलं. लहानपणी ज्या विहिरीत दोघं कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकले, तिच्या काठावर आता पाठीला पाठ लावून उभे राहायचे.

गेल्या दिवाळीत दादासोच्या छातीत कळ आली. मिरजेला नेऊन हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी शर्यतीला साफ बंदी घातली. गटात तिसरा कुणी नव्हता. लीलाबाई म्हणाली, "ह्या साली तुमी बिनविरोध. सरपंचाला जमलं न्हाई ते तुमाला जमलं." हरिबा हसला, पण जेवण गोड लागेना.

स्पर्धेच्या दिवशी हरिबा टोपी घालून उभा राहतो, तर शेजारच्या लेनपाशी चड्डीवर दादासो. छातीला हात लावून दम खात होता. तब्येतीचा दाखला म्हणे जनावरांच्या डॉक्टरकडून आणला होता.

हरिबा त्याच्याजवळ गेला. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला, "दादासो, घरी जा. मरशील."

"भ्यालास व्हय?" दादासो म्हणाला. "मागं फिर बघू. आख्ख्या गावाला सांगतो."

हरिबा आपल्या जागी परतला. आज सोनं त्याचंच होतं. हा गडी अर्ध्यातच धापा टाकणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण हार मानून थांबेल तर तो दादासो कसला. छाती फुटेपर्यंत हात मारत राहील. आणि तो गेला तर पुढं भांडायचं कुणाशी?

शिट्टी वाजवायला धम्मपाल सर उभे होते. शिट्टीआधी उडी मारली की गडी बाद, हा नियम हरिबानं पलटणीत शंभर पोरांना शिकवला होता. सरांनी शिट्टी तोंडाला लावली, वाजवायच्या आत हरिबानं पोटावर सपकन उडी घेतली. बघणाऱ्यांच्या अंगावर पाणी उडालं, लोक खदाखदा हसले.

"हरिबा बाद," धम्मपाल सर म्हणाले.

मग दादासो एकटाच उतरला. गाठायला कुणी नाही, हरवायला कुणी नाही. शेताला चक्कर मारावी तसा सावकाश गेला, मध्ये दोरीला धरून विसावला आणि पोचला. टाळ्या पडल्या. गळ्यात सोनं घालून तो हरिबाशेजारी येऊन बसला.

"पलटणीचा माणूस, आन् शिट्टीआधी उडी?"

"कान गेलं," हरिबा म्हणाला.

दादासो बराच वेळ टॉवेलनं मिशा पुसत राहिला. मिशा कोरड्याच होत्या.

"उद्या पाण्याची पाळी माझी हाय," तो म्हणाला. "तू घे. पदक मातुर मागू नगंस."

"पदक ऱ्हाऊ दे तुला. वायर तू कापलीस, एवढं एकदा म्हण."

दादासोनं इकडंतिकडं बघितलं.

"कापली," तो हळूच म्हणाला. "वैनीला सांगू नगंस."

लीलाबाई दोघांच्या मागंच उभी होती, हातात कोरडा टॉवेल घेऊन. तिनं तो आधी दादासोच्या अंगावर टाकला.