टायरवरचा खडू

सहा आठवडे पावसाचा थेंब नव्हता, तरी मेन स्ट्रीटवरच्या गाड्यांच्या टायरवरचा खडू रोज धुऊन जात होता. तोही फक्त रस्त्याच्या सावलीच्या बाजूला लावलेल्या गाड्यांचा.

डेल्मा टिंडल कुरालिंग गावची पार्किंग तपासनीस, एकोणीस वर्षं एकटीच. मेन स्ट्रीटवर गाडी लावायला दोन तासांची मुभा. डेल्मा काठीच्या टोकाला बसवलेल्या खडूनं मागच्या टायरवर रेघ मारायची, दोन तासांनी परत यायची, आणि रेघ होती तिथेच दिसली की काचेवर पावती लावायची. पूर्वी दुकानदार आपल्याच गाड्या दिवसभर दुकानांपुढे लावायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडायचे. शेतावरून औषधाला आलेल्या म्हाताऱ्यांना लांब धान्याच्या कोठारापाशी गाडी लावून उन्हात चालत यावं लागायचं. डेल्मानं ते मोडून काढलं होतं. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

आता महिनाभर त्या बाजूला पावत्याच नाहीत. कौन्सिलमधल्या तिच्या वरिष्ठ शोनानं स्पष्ट सांगितलं, "खडू कोण पुसतंय त्याचं शुक्रवारपर्यंत नाव दे. नाहीतर शहरातल्या कंपनीचे कॅमेरे बसतील, आणि मग तुला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

डेल्मानं वहीत चाकात हवा भरायच्या वॉल्व्हची जागाही टिपायला सुरुवात केली, घड्याळाच्या काट्यासारखी. सकाळी दहा वाजता वॉल्व्ह चारच्या आकड्यावर, बारा वाजताही चारवरच, आणि खडू गायब. म्हणजे गाडी तसूभर हलली नव्हती. कौन्सिलला पुरावा म्हणून खडूच लागतो, वॉल्व्ह चालत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी तिची खात्री पटली.

पहिला संशय खाटीक नेव्हिलवर. तो रोज सकाळी पाइप लावून फुटपाथ धुतो.

"तुझा पाइप टायरपर्यंत पोचतो का रे?" तिनं गिऱ्हाइकांसमोरच विचारलं.

"माझा पाइप तुझ्या जिभेएवढा लांब नाही, डेल," नेव्हिल सुरीवरची नजर न उचलता म्हणाला. "आठला धुतो मी फुटपाथ. तू रेघा मारतेस दहाला. हिशेब येतो ना?"

दुकानात हशा पिकला. एवढ्या लगेच उत्तर तयार असतं का कुणाचं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण हसणारे बाकीचेही तिला साळसूद वाटेनात. केस कापणारी बाई तिला पाहून गप्प का झाली? बेकरीवाला रोज उगीचच गुड मॉर्निंग का घालतो? बुधवारपर्यंत अख्ख्या गावात तिला एकही चेहरा सरळ दिसेना.

बुधवारी दहाला रेघा मारून ती जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरली आणि खिडकीतल्या पुतळ्यांच्या मागे, कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याआड उभी राहिली. नेव्हिलच्या दारावर तिनं डोळे रोखले होते.

नेव्हिल बाहेर आलाच नाही. आला तो रॉस, तिचा नवरा. सावलीच्या बाजूच्या फुटपाथवरच्या फुलांच्या पेट्यांना पाणी घालायचं काम निवृत्त झाल्यापासून त्यानं हौसेनं घेतलं होतं. त्यानं एका पेटीला पाणी घातलं, झारी जराशी तिरकी करून फुटपाथला पाठ लावलेल्या गाडीच्या टायरवर धार सोडली आणि खाली वाकून खडू फडक्यानं पुसला. फडकं तिच्या स्वयंपाकघरातलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं डेल्माचं.

दुपारी जेवताना तिनं सरळ विचारलं. रॉसनं नाकारलं नाही.

"मग काय करू? गावातल्या वॉलीच्या अंत्यविधीनंतर हॉलमध्ये तू चहाच्या टेबलापाशी बशी घेऊन एकटी उभी होतीस. वीस मिनिटं! एक माणूस जवळ आलं नाही. मला बघवेना, डेल. म्हटलं, पावत्या कमी झाल्या तर लोक तुझ्याशी बोलतील."

"मला विचारायचंस तरी."

"तू हो म्हणाली असतीस?"

तिनं ताट बाजूला सारलं. एकीकडे राग, आणि दुसरीकडे कुणीतरी आपल्यासाठी एवढं वाकतंय याचं भरून आलेलं. रात्रभर तिनं त्या दुसऱ्या भावनेलाच धरून ठेवलं.

शुक्रवारी शोनानं तक्रारीचा कोरा अर्ज पुढे सरकवला. "खाटीकच ना? अख्खं गाव तेच म्हणतंय. त्याचं नाव लिही, सही कर, नोकरी तुझी."

लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. डेल्मानं पेन उचललं, पण पुढची ती रिकामी ओळ भरायला हात धजेना.

"नेव्हिलनं केलेलं नाही."

"मग कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

"डेल, म्हणजे तुला माहीत आहे! अगं, नाव नसेल तर सोमवारपासून तू..."

"कळतंय मला," डेल्मा म्हणाली. खडूची काठी, वही आणि टोपी तिनं टेबलावर ठेवली. एकोणीस वर्षं तिनं कुणालाच सोडलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा. आज एकाला सोडलं होतं, आणि ते तिला मनापासून बरोबर वाटत होतं.

बाहेर रॉस गाडीत बसून होता.

"काय झालं?"

"गेली नोकरी. तुझं नाव नाही सांगितलं."

तो रडवेला होईल, हात धरेल, निदान माफी मागेल, असं तिला वाटलं होतं. रॉसनं सीटला पाठ टेकली आणि महिनाभर कोंडलेला असावा असा लांब श्वास सोडला.

"सुटलो बाई एकदाचा," तो म्हणाला. "आता क्लबात मला कुणी 'पावतीवालीचा नवरा' म्हणणार नाही."

त्यानं गाडी सुरू केली. डेल्मानं सीटचा पट्टा ओढला, पण लावला नाही. मग दार उघडून ती खाली उतरली आणि घराकडे चालू लागली.