मामाच्या झोपेचा रिपोर्ट

अगं ऐका तरी. मधी मधी हसला तर मी सांगायचीच न्हाय. आदिती, तू तर तोंडावर हातच ठेव.

चार दिस कॉलेजला का न्हवते म्हणून विचारालाय न्हवं? तर आमच्या मामाच्या झोपेपायी. म्हणजे ऑपरेशन पोटाचं आणि तपासणी झोपेची. कळ्ळं काय? न्हाय न्हवं? मला तर अजून सगळं कळ्ळेलं न्हाय, पण सांगते.

मल्लेशमामा तुम्हाला माहीतच हाय. मी जयसिंगपूरनं हितं आले तशी त्याच्याकडंच ऱ्हाते. लक्ष्मीपुरीत जनावरांच्या सरकी पेंडीचं दुकान, मामा गल्ल्यावर बसला की मागचं कॅलेंडर दिसत न्हाय. घरातला वजनकाटा एकशेवीसला संपतोय, म्हणून मामा दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर चढतोय. एकशेसेहेचाळीस किलो. शुगर हाय, गुडघं गेल्यात, आणि झोप तर कुठं बी. गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता झोपतोय. मागच्या महिन्यात सिग्नलला स्कूटरवर झोपला. हिरवा झाला, परत लाल झाला, मागनं एस.टी. बोंबलालीय आणि हा हँडल धरून गाढ. त्याच दिवशी आज्जीनं सांगितलं, एक तर स्कूटर वीक, न्हायतर पोट बारीक करून घे.

तर ते पोट बारीक करायचं ऑपरेशन आता हितं पण होतंय. सर्जन पुण्यास्नं येतोय महिन्यातनं एकदा. पण त्याच्या आधी सगळं तपासणाऱ्या एक डॉक्टरीणबाई हायत, लई शांत. त्यांनी रक्त तपासलं, हार्ट तपासलं, मामाच्या गळ्याचं माप घेतलं टेपनं, शिंपी घेतोय तसं. आणि म्हणाल्या, आता झोपेची टेस्ट. मामा म्हणाला, झोपेची कशाला, ती तर मला भरपूर येतीय. तर बाई म्हणाल्या, जाड माणसाचा झोपेत घसा ढिला पडतो आणि श्वास अडतो. कुणाचा तासाला पाचदा, कुणाचा पन्नासदा. भूल दिल्यावर तर जास्तच. ते आधी कळलं न्हाय तर ऑपरेशन चांगलं होऊन पण माणूस रात्रीत जाऊ शकतो.

मी बी.एस्सी.ला म्हणून फॉर्म माझ्या हातात. मी एकेक प्रश्न वाचून मामीला विचारालते. घोरतात का? व्हय. दिवसा पेंगतात का? व्हय. झोपेत श्वास थांबतो का? तर मामी पटकन म्हणाली, न्हाय. मी 'नाही' वर टिक केली. माझ्या हातानं केली, हे ध्यानात ठेवा, कारण नंतर मला त्यापायी झोप लागली न्हाय.

आमची शिवलीलामामी म्हणजे मामाचा पाव भाग. वाऱ्यानं उडेल. आणि ती पण सारखी पेंगतीय. तांदूळ निवडता निवडता सुपावर डोकं. आज्जी टोमणं मारतीय, दोघांचं बरं जुळलंय म्हणं, एक गल्ल्यावर पेंगतोय, एक चुलीपुढं. मामी नुसती हसतीय. आम्हाला वाटायचं तिचं बी.पी. कमी हाय.

मग बुधवारी संध्याकाळी मशीन घेऊन कृष्णात म्हणून टेक्निशियन घरी आला. छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकात नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. मामा सोफ्यावर बसलाय आणि घरातले सगळे भोवती. कृष्णात म्हणाला, गळ्यातलं चांदीचं काढून ठिवा. आज्जीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. ते इष्टलिंग हाय, आम्ही लिंगायत, मामाच्या अंगावरनं ते आंघोळीला पण निघत न्हाय. कृष्णातनं गप पट्टा चार बोटं खाली बांधला. आज्जीनं मशीनला विभूती लावली. मग म्हणाली, नापास होऊन येऊ नको. मामा तर इतका टेन्शनमधी, त्यानं झोपायच्या आधी भांग पाडला. कुणी तरी बघणारच हाय आतनं, असं.

जाताना कृष्णातनं दोनदा सांगितलं, "रोज झोपतासा तस्संच झोपायचं. काय बी बदलायचं न्हाय." मामीनं मान डोलावली. बघा हं, हिथंच सगळं झालं. पण आम्हाला काय माहीत.

शनिवारी रिपोर्ट. मी, मामा, मामी. बाईंनी कागद बघितला, परत मामाकडं बघितलं, परत कागद. म्हणाल्या, आश्चर्य आहे. एवढं वजन, एवढा गळा, स्कूटरवर झोपता, आणि श्वास अडतोय तासाला फक्त सातदा. म्हणजे अगदी सौम्य. फक्त नाडी मधीच उड्या मारालीय, दर दोन मिनिटाला, कुणीतरी दचकवल्यासारखी, ते काय कळंना म्हणाल्या. पण ऑक्सिजन चांगला हाय. मग त्यांनी ऑपरेशनची सतरा तारीख लिहिली.

मामा असा फुलला. पास झालो म्हणाला. तिथंच मला पेढ्याला पैसे काढून दिले. मी तर आज्जीला फोन लावायला उठले पण.

तेवढ्यात मामीनं विचारलं, ऑपरेशन झाल्यावर रात्री मी ह्यांच्याजवळ झोपू शकते न्हवं? बाई म्हणाल्या, नाही हो, पहिली रात्र आयसीयूत, तिथं नातेवाईक कुणी नाही.

"मग सुतळी कोण वढणार?" मामी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली सुतळी?"

आणि आमची मामी, जी घरात मीठ जास्त झालं तर बोलत न्हाय, ती सांगाय लागली. अकरा वर्सं झाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी एकदा मामा घोरता घोरता गप झाला. ती जागी झाली तर छाती हलंना. तिला वाटलं गेला. तिनं गदागदा हलवला, तर मोठ्यानं श्वास घेऊन परत घोराय लागला, आणि सकाळी त्याला काय पत्ताच न्हाय. तवापास्नं आवाज बंद झाला की ती हलवायची. पुढं मामा एवढा वाढला की पलंगावर तिला जागाच उरली न्हाय. ती खाली अंथरूण घालाय लागली. आता खालनं हात पोचंना. मग दुकानातली पोती शिवायची सुतळी घेतली, एक टोक मामाच्या पायाच्या अंगठ्याला आणि एक स्वताच्या मनगटाला. आवाज थांबला की वढायची. आता तर म्हणाली डोळं पण उघडत न्हायत, हात आपोआप वढतोय.

पलीकडच्या खोलीत मी दोन वर्सं झोपालीय. मला ह्यातलं एक अक्षर माहीत न्हाय.

मी म्हटलं, मामी, मी फॉर्म वाचालते तवा विचारलं की, श्वास थांबतो का म्हणून. तर म्हणाली, थांबत न्हायच की, मी थांबू देतच न्हाय. आणि बुधवारी पण बांधलेली सुतळी? व्हय, म्हणाली, तो रोजच्यासारखं झोपा म्हणाला की.

मामाचं तोंड बघायला पाहिजे हुतं. त्याला अंगठ्याची सुतळी माहीत हुती, पण त्याला वाटायचं घोरणं बंद व्हावं म्हणून वढतीय, तिची झोप मोडतीय म्हणून. एवढी वर्सं तो त्यापायी लाजून गप हुता. "मी मेल्यावाणी पडतोय हे मला सांगायचं न्हाय व्हय गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही झोपलाच नसता," मामी म्हणाली.

बाईंनी पेन परत उचललं. मग सतरा तारखेवर काट मारली. हा रिपोर्ट तुमचा नाही, तुमच्या दोघांचा आहे, असं कायतरी म्हणाल्या. आता दवाखान्यात परत टेस्ट, एकट्याची, आणि कुणी हात लावायचा नाही.

बाहेर आल्यावर मामा भडकला. जिन्यात उभं राहून मामीला म्हणाला, पास झालेला पेपर फाडलास तू. गप बसली असतीस तर सतराला मोकळा झालो असतो. मामी जिना उतराय लागली. आणि मला काय कळंना बघा. रिपोर्ट चांगला आला म्हणून वाईट, आता वाईट आला तर चांगलं, आणि मामी बोलली म्हणून ऑपरेशन गेलं का मामी बोलली म्हणून मामा राहिला? घरी आज्जीनं विचारलं पास का नापास, तर मी सांगितलं, फेरपरीक्षा.

सोमवारी दवाखान्यात. मामाला एका खोलीत झोपवला, ह्या बारीला डोक्याला पण वायरी. बाहेर कृष्णात स्क्रीनपुढं. मामीला सांगितलं हुतं घरी जावा, तर जाईना. म्हणून मी पण थांबले. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, स्क्रीन समोरच. कृष्णात मला दाखवालता, ही रेघ श्वासाची, वर खाली वर खाली.

मामा दहा मिनिटात झोपला. घोराय लागला. आणि मग रेघ सपाट.

मी आकडे मोजाय लागले. दहा, वीस. मामी उठून दारापर्यंत गेली. कृष्णात म्हणाला, मावशी, न्हाय. मी हाय की. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा लई खाली गेला तर मी सोता उठवतो. बत्तीसला मामानं दचकून मोठ्ठा श्वास घेतला आणि रेघ सुरू. मामी परत खुर्चीवर. दोन मिनिटं झाली न्हाईत तर परत सपाट. परत उठली. अशी तीनदा गेली दारापर्यंत. तिसऱ्यांदा तिचा हात कडीवर हुता आणि मला खरंच वाटलं आता ही आत जाणार, आणि गेली तर हा पण रिपोर्ट वाया, आणि मामा परत सुतळीवर.

ती फिरून आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "पोरी, माझा हात धर. घट्ट."

मी दोन्ही हातांनी धरला. खरं सांगते, एवढीशी बाई, पण रेघ सपाट झाली की तो हात असा हिसका मारायचा की माझा खांदा हलायचा. ती डोळं मिटून बसलेली, स्क्रीन बघत पण न्हवती. आतनं आवाज थांबला की हिसका. एकदा तर अठ्ठावन्न सेकंद. कृष्णात पण उभा राहिला हुता. मला वाटलं आता वरडते मी. मग आला श्वास. उजाडेपर्यंत असं. माझी बोटं बघा, अजून दुखालीत.

सकाळी मामा बाहेर आला. डोकं जड झालंय म्हणाला, रोजच्यापेक्षा जड. मग मामीला म्हणाला, आज कुणी वढलं न्हाय त्यामुळं लई चमत्कारिक वाटलं. त्याला काहीच माहीत न्हाय हो. मामीनं त्याच्याकडं वरपास्नं खालपर्यंत बघितलं, बाजारातनं आणलेली वस्तू पुरी हाय का बघतोय तसं, आणि थर्मासमधला चहा दिला.

बाई नऊला आल्या. तासाला त्रेसष्ट वेळा. ऑक्सिजन त्यांनी बोटानं दाखवला, कुठपर्यंत खाली गेलता ते. आता ऑपरेशन लगेच न्हाय. एक मास्क असतोय, मशीनला जोडलेला, तो नाकावर लावून रोज झोपायचं. सहा आठवडं. मग परत तपासून तारीख. मामाला वाटलं हे नापासच, तोंड पाडून बसला. म्हणाला, असलं सोंग लावून रोज झोपायचं व्हय मी?

मामीला मात्र एकच विचारायचं हुतं. ते मशीन उठवतं का माणसाला, श्वास थांबला की?

"उठवत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "थांबूच देत नाही."

मामी म्हणाली, परत सांगा. बाईंनी परत सांगितलं. रात्रभर? रात्रभर. आणि लाईट गेली तर? तर बॅटरीचं पण मिळतं म्हणाल्या. मामीनं तेवढं ऐकलं, मास्कची किंमत पण विचारली न्हाय, आणि बाहेर येऊन ओपीडीच्या बाकावर बसली.

मी आणि मामा कागदावर शिक्का मारून घ्यायला खिडकीवर गेलो. पाच मिनिटं फार तर. परत आलो तर मामी झोपलेली. बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. तिथं ही गर्दी, पोरं रडालेली, स्पीकरवर नंबर बोलालेत, आणि ही गाढ.

मामानं मला हळूच विचारलं, उठवू काय? मी म्हटलं मला काय माहीत. मामानं हात पुढं केला, परत मागं घेतला. बराच वेळ तिच्या छातीकडंच बघत उभा. श्वास चालू हाय का बघालता, दुसरं काय.

तेवढ्यात एक वॉर्डबॉय आला, पावणं, हितं झोपायचं न्हाय, बाक पेशंटचं हाय म्हणाला. मामा म्हणाला, पेशंटच हाय ती. आणि असा तिच्यापुढं आडवा उभा राहिला, की पलीकडनं कुणाला मामी दिसूच नये. दुकानातनं चारदा फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. त्यानं मोबाईल बंदच केला.

साडेअकराला उठली ती. तवापर्यंत मामा उभाच, गुडघं दुखतात म्हणून एकदा पण म्हणाला न्हाय.