उजव्या खांद्याची बंदूक

एर्रामुनने बंदूक डाव्या खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला, आणि नळ्यांची तोंडं भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली.

"घड्याळाला लागेल हं," कार्मेले दुकानाच्या काउंटरमागून म्हणाली. "तसं ते आमच्या वडिलांच्या मागोमाग बंदच पडलंय म्हणा."

एर्रामुन हसला. त्याने बंदूक खाली घेतली, मोडून दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे पाहिलं, पुन्हा मिटली. मिटताना जो घट्ट, कोरडा आवाज झाला तो ऐकून त्याने मान हलवली. बालेंदिन दाराशी उभा होता. दोन्ही हात कोटाच्या खिशात, टोपी अजून डोक्यावर.

"आत ये की लेका," एर्रामुन म्हणाला. "तुझ्या लग्नातसुद्धा चर्चच्या दारात असाच उभा होतास. पाद्रीबाबांना वाटलं, नवरदेव पळतोय."

"मला इथून दिसतंय."

शब्द तोंडातून गेला आणि बालेंदिनला तो परत गिळावासा वाटला. वर्ष होत आलं, एर्रामुनसमोर 'दिसणं', 'बघणं', 'डोळा' हे शब्द तो टाळत आला होता, आणि जितके टाळावे तितके तेच जिभेवर येऊन बसत. एर्रामुनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता, रंग जवळजवळ जुळणारा, पण हसताना तो हसत नसे.

गेल्या डिसेंबरात ते दोघं बीचच्या झाडांच्या जंगलात गेले होते, पंचवीस-तीस वर्षं जात होते तसेच. उत्तरेकडून थंडीबरोबर लांब चोचीचे ओयलागोर पक्षी उतरले होते. एक पक्षी काटेरी झुडपातून अगदी खालून उडाला आणि बालेंदिनने चाप ओढला. पक्षी पडला नाही. झुडपापलीकडून एर्रामुनचा आवाज आला, ओरडण्याचाही नव्हे, कुणी मागून हाक मारल्यावर माणूस 'अं?' करतो तसा. दगडावरून उसळलेला एकच छर्रा होता. चौकशीला आलेल्यांना एर्रामुनने इस्पितळातल्या खाटेवरूनच सांगून टाकलं की आपण ठरलेली जागा सोडून पुढे गेलो होतो, मित्राचा काही दोष नाही. गावानेही ते मान्य केलं. मान्य केलं नाही ते बालेंदिनने. त्याने आपली बंदूक अंगणातल्या शिकंज्यात धरली, करवतीने नळ्या कापल्या आणि तुकडे भंगारात टाकले. दर गुरुवारी गावातल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात सगळे पुरुष जमून रांधायचे, जेवायचे, गायचे. तिथे जाणं त्याने सोडलं. एर्रामुनच्या दाराशी मात्र तो जळणाची लाकडं फोडून रचून येई. एर्रामुनची बायको माइशाबेल दार उघडून "आभारी आहे" म्हणे. "आत या" असं ती कधी म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तरी तो गेला नसता.

म्हणून काल एर्रामुन स्वतःच त्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हंगाम तोंडावर आलाय. मला बंदूक घ्यायचीय, चल," तेव्हा बालेंदिनला नाही म्हणता आलं नाही. एका डोळ्याचा माणूस डाव्या खांद्यावरून नव्याने शिकणार, साठीनंतर. त्याला सोबत लागणारच. ही सोबत म्हणजे आपली शिक्षा आहे असं त्याने स्वतःला सांगितलं आणि टोपी घेतली.

"ही फार जड आहे," एर्रामुन म्हणाला. "ही घेऊन चढावर गेलो तर दुपारपर्यंत मलाच खांद्यावर घालून आणावं लागेल."

"मग बदकांना बरी," कार्मेले म्हणाली आणि बंदूक फडताळात ठेवली. एके काळी या फडताळात दोननळी बंदुकांची रांगच्या रांग असे. तिच्या वडिलांनी केलेल्या, शेजारच्या गल्लीतल्या कारागिरांनी केलेल्या. आता गल्लीतल्या बहुतेक कार्यशाळांना कुलपं होती आणि फडताळात मोजक्याच राहिल्या होत्या. तिने दुसरी काढली. बाहेर घोडे असलेली, जुन्या धाटणीची, चांदीसारख्या पोलादावर पानाफुलांचं कोरीव काम.

"ही तर भिंतीवर टांगायची," एर्रामुन म्हणाला. "माझी सासू जिवंत असती तर तिला दिली असती. घोडे चढवायला वेळ लागतो, तेवढ्यात मी पळालो असतो."

कार्मेले खळखळून हसली. बालेंदिनच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि लगेच थांबला.

तिसरी बंदूक तिने आतल्या खोलीतून आणली, फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेली. कापड उलगडताना तिचं हसू कमी झालं. आखूड नळ्या, शेजारी-शेजारी, अक्रोडाचा सरळ दस्ता, मुठीशी कुठेही फुगीर नाही, दोन चाप. नळ्यांची तोंडं मोकळी होती, दाट झाडीत जवळून उडणाऱ्या पक्ष्यासाठी असावीत तशी.

"वडिलांच्या हातची," ती म्हणाली. "शेवटच्या दोन-तीनांतली. लोक येतात, भाव विचारतात. मी विकाऊ नाही म्हणते."

"आणि आज?"

"आज तुम्ही विचारताय."

एर्रामुनने ती घेतली. खांद्याला लावली नाही. नुसती हातांत तोलली, एकदा मुठीशी, एकदा नळ्यांखाली. मग म्हणाला, "हीच."

बालेंदिन दारापासून दोन पावलं पुढे आला. इतका वेळ त्याने एकाही बंदुकीला हात लावला नव्हता, पण नजर कशी रोखणार? दस्त्याकडे मागून पाहिलं की कळत होतं: नळ्यांच्या रेषेपासून तो किंचित बाहेर, उजवीकडे वाकवलेला होता.

"ही घेऊ नकोस," तो म्हणाला. "हिचा दस्ता उजव्या खांद्याचा आहे. डावीकडे लावशील तर नेम हातभर बाजूला जाईल. कार्मेले, तू तरी सांग ना त्याला. तेलात तापवून वाकवता येईल का?"

कार्मेलेने फ्लॅनेलच्या कापडाची घडी घालायला घेतली.

"वाकवायचा कशाला?" एर्रामुन म्हणाला. "तू उजव्या खांद्यानेच मारतोस ना?"

बाहेर गल्लीतून एक टेम्पो खडखडत गेला.

"मी मारत नाही," बालेंदिन म्हणाला.

"माहीत आहे. करवतीचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. चांगली बंदूक होती रे, गाढवा. निदान मला तरी द्यायचीस."

"मला नकोय, एर्रामुन."

"धर तर."

"नको म्हटलं ना!"

एर्रामुनने बंदूक काउंटरवर ठेवली. मग तो काउंटरच्या कडेला एक हात लावून, कड चाचपत, बालेंदिनकडे वळला. ते चाचपणं बालेंदिनने आज पहिल्यांदा पाहिलं. येताना वाटेतही एर्रामुनने त्याच्या दंडाला धरलं होतं; फरसबंदी निसरडी आहे म्हणून असेल, असं त्याला वाटलं होतं.

"बिल्बाओच्या डॉक्टरकडे गेलो होतो," एर्रामुन म्हणाला. "एका डोळ्याचं दुखणं कधीकधी दुसऱ्यात उतरतं म्हणे. क्वचित होतं. आमचं नशीब असल्याच बाबतीत जोरावर. औषध चालू आहे. पण समोर कुणीतरी दूध सांडल्यासारखं असतं, आणि ते वाढतंय."

बालेंदिनने टोपी काढली. काढून काय करायचं ते न सुचून ती हातात चुरगाळत राहिला.

"माइशाबेलला?"

"तिला माहीत आहे. आता तुला. हिला सांगावं लागलं, नाहीतर हिने ही बंदूक दाखवलीच नसती." एर्रामुनने कार्मेलेच्या दिशेने हनुवटी हलवली. "माझी बंदूक हिला दिली बदल्यात. ती माझ्या मापाची, तुला आखूड पडली असती."

"तुझा दुसराही..." बालेंदिनने टोपी डोळ्यांवर दाबली.

"आता रडू नकोस. कार्मेलेच्या दुकानात माणसं रडायला लागली तर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल." मग त्याचा आवाज खाली आला. "ऐक. बेल्त्सा सहा वर्षांची आहे. अशी कुत्री मला पुन्हा मिळायची नाही. सकाळी दाराशी बसते आणि माझ्याकडे बघत राहते. तिला अजून काही हंगाम आहेत, मला बहुधा हा एकच. मला वर जंगलात जायचंय. तिच्यामागे कुणीतरी बंदूक घेऊन चालायला हवं. दुसऱ्या कुणाबरोबर मी गेलो असतो तर तुला बरं वाटलं असतं का?"

कार्मेलेने बंदूक उचलली, मोडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि बालेंदिनपुढे आडवी धरली. बराच वेळ ती तशीच धरून राहिली. शेवटी तिचे हात भरून येतील म्हणून असेल, त्याने ती घेतली. खांद्याला लावली. गाल अक्रोडाच्या लाकडावर टेकला, अचूक, जणू बंदूक कुणी त्याचंच मोजमाप घेऊन केली असावी.

"बसली?" एर्रामुनने विचारलं.

"बसली," कार्मेले म्हणाली, कारण बालेंदिन बोलत नव्हता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला आणि ओयलागोर उतरले. दोघं सकाळी निघाले. माइशाबेलने दोघांसाठी बटाट्याचं आम्लेट घातलेले पाव दिले, बालेंदिनच्या हातात पुडकं देताना ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "चढावर त्याला पुढे चालू देऊ नका." एवढंच. बालेंदिनने मान हलवली.

बेल्त्सा पुढे होती. तिच्या गळ्यातली घंटा पडलेल्या पानांतून इकडून तिकडे वाजत फिरत होती. एर्रामुन काठी टेकत मागून येत होता आणि घंटेच्या आवाजावरून सगळं सांगत होता. आता ती ओढ्याशी आहे. आता वळली. आता तिला वास लागलाय बघ. बालेंदिन दर थोड्या वेळाने थांबून विचारत होता.

"कुठे आहेस?"

"तुझ्या मागे. किती वेळा विचारशील? बायकोसुद्धा एवढं विचारत नाही."

मग घंटा थांबली. काटेरी झुडपांच्या एका पुंजक्यापाशी बेल्त्सा पाय रोवून उभी होती, मान ताठ. जंगल एकदम गप्प झालं. बालेंदिनने बंदूक पुढे घेतली.

"जा," एर्रामुन हळूच म्हणाला.

बालेंदिन दोन पावलं गेला. थांबला.

"कुठे आहेस?"

"इथेच. हललो नाही."

आणखी एक पाऊल. पुंजक्यात पंखांचा फडफडाट झाला, आणि त्या क्षणी बालेंदिनने पक्ष्याकडे नाही, मागे वळून पाहिलं. एर्रामुन बीचच्या खोडाला टेकून उभा होता, जिथे होता तिथेच, चेहरा वर केलेला. बालेंदिन त्याच्याकडे पाहतच राहिला. फडफडाट वर, चढाकडच्या झाडांच्या शेंड्यांत विरून गेला. नळ्यांची तोंडं जमिनीकडे होती.

"नाही मारलास," एर्रामुन म्हणाला.

"नाही."

"कुठे गेला?"

बालेंदिनने बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली.

"ओढ्याकडे," तो म्हणाला. "खाली, ओढ्याच्या अंगाने."

एर्रामुनने चेहरा ओढ्याकडे वळवला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "दिसला मला. मोठा होता."

बेल्त्सा झुडपाबाहेर आली होती. घंटा न वाजवता ती वर, चढाकडे तोंड करून उभी होती.