बिनहवेची पेटी आणि मधाची बाटली

मित्रांनो, तुम्हाला जगायला हवा लागते. माझ्या पोटात मात्र तुमच्या हवेचा एक श्वास शिरला तरी चार दिवसांची मेहनत पाण्यात जाते. मी एक जुनी पेटी आहे. काचेसारख्या आरपार प्लॅस्टिकची, मेजाएवढी रुंद आणि पुढच्या बाजूला दोन लांब रबरी बाह्या लावलेली. बाह्यांच्या टोकाला हातमोजे असतात. माणसाने बाहेर उभे राहून त्यांत हात घालायचे आणि आतले काम करायचे. हात आत, माणूस बाहेर, आणि हवाही बाहेर.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. काही रोगजंतूंना आपल्या हवेतला प्राणवायू सोसतच नाही. मातीत, धुळीत ते टणक कवच पांघरून वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. अशा झोपलेल्या जंतूंना बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत. प्राणवायू नसलेली ऊबदार जागा मिळाली की मात्र जागे होतात, वाढतात आणि विष तयार करू लागतात. धनुर्वात करणारा जंतू याच घराण्यातला, आणि अंग लुळे पाडणारा बोट्युलिझम हा आजार करणाराही. या घराण्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम. आमच्या प्रयोगशाळेत येणारे नवे विद्यार्थी हे नाव घेताना हमखास अडखळत. तेव्हा बाई म्हणत, "नाव नीट आलं नाही तरी चालेल. हात नीट धुवा म्हणजे झालं."

बाई म्हणजे माझ्या मालकीणच म्हणा ना. साऱ्या इमारतीत त्यांना नुसते 'बाई' म्हणत. त्या या जंतूंचा आणि त्यांच्या विषाचा अभ्यास करत.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझे सगळे सांधे चिकटवले, त्यांवर साबणाचे पाणी फिरवले आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून पाहिले. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, नांदा सौख्यभरे." प्रयोगशाळेत आल्यावर माझ्या पोटातली हवा काढून दुसरे वायू भरले गेले. आत एक कागदाची पट्टी ठेवली गेली. ती पांढरी राहिली तर सगळे ठीक. निळी झाली तर समजायचे, कुठूनतरी प्राणवायू शिरला. सकाळी आल्या आल्या बाई आधी ती पट्टी पाहत आणि मग पदर खोचून कामाला लागत. त्यांची बोटे नेहमी गार असत. त्यांनी बाह्यांमध्ये हात घातले की मला शिरशिरी यायची.

माझी देखभाल करायला एक गृहस्थ होते. बिघडलेले काहीही दुरुस्त करत म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. माझ्या डाव्या बाहीवरचे ठिगळ त्यांच्याच हातचे. ते लावताना लेकराच्या गुडघ्यावर फुंकर घालावी तसे ते माझ्याशी बोलत होते, "झालं हं, झालंच."

मी उभी होते ती खोली इस्पितळाच्या आवारातच होती. भिंतीत एक छोटी सरकती खिडकी होती. रुग्णांचे नमुने तिथून आत घेतले जात. खिडकी उघडली की बाहेरच्या बोळातले बोलणे मला स्पष्ट ऐकू येई. आता सांगते ती हकीकत मी तशीच ऐकलेली आहे.

एका सकाळी मुलांचे डॉक्टर त्या खिडकीशी आले. चार महिन्यांची मुलगी दाखल झाली होती.

"ताप नाही," ते म्हणाले, "पण अंगाची अगदी चिंधी झालीय. मान धरत नाही, दूध ओढत नाही, पापण्या मिटत चालल्यात. रडते तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. आणि कितीतरी दिवस पोट साफ नाही."

बाईंनी हातातले काम खाली ठेवले. "दुधाशिवाय काय दिलं होतं? मध?"

"आई म्हणते, काहीच नाही."

"हा बोट्युलिझम वाटतोय. औषध मागवलंत?"

"ते दुसऱ्या शहरातून यायला हवं. म्हटलं, तुमचा निकाल आला की मागवू."

"माझ्या निकालासाठी थांबू नका," बाई म्हणाल्या. "जंतू माझ्याकडे सावकाश वाढेल. तिच्या पोटातलं विष काही सावकाश काम करणार नाही. आजच मागवा."

डॉक्टर पळतच गेले. औषध आले आणि बाळाला दिलेही गेले. पण त्या औषधाची एक मर्यादा असते. रक्तात फिरणारे विष ते निकामी करते. जे नसांना आधीच चिकटले ते सोडवू शकत नाही. तिथे त्या नसांनाच नवी टोके फुटावी लागतात, आणि त्याला आठवडे लागतात. तोवर बाळाचा श्वास एक यंत्र चालवत होते. बाळाचा नमुना माझ्या पोटात ठेवला होता, आणि मी माझ्या परीने दम धरून होते.

औषध दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीत एक म्हातारी आली. बाळाची आजी. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बरणी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"हा मध," ती म्हणाली. "मी चाटवला बाळाला. बोटानं."

"किती वेळा, आजी?"

"चाटवला बऱ्याचदा. सुनेला माहीत नव्हतं. तिचं नाव यात कुठे घेऊ नका. मीच दिला."

बाईंनी बरणी अलगद आत घेतली. "आणलीत हे फार बरं केलंत. बाळ वर्षाचं होईपर्यंत मात्र आता मध नाही हं. मोठ्यांच्या पोटात इतर जंतूंची दाटी असते, तिथे मधातल्या जंतूला पाय ठेवायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात ती दाटी झालेली नसते."

आजीने मान हलवली. जाता जाता पुन्हा वळून म्हणाली, "डॉक्टरांना सांगाल ना, मीच दिला म्हणून?"

पुढे बाळाच्या नमुन्यातून जंतू उगवला. कडा वेड्यावाकड्या असलेले करडे ठिपके. पलीकडच्या खोलीत त्याच्या विषाचीही खात्री झाली. बाईंचा अंदाज खरा ठरला होता. आजीच्या मधातून मात्र काहीच उगवेना. बाईंनी पुन्हा लावून पाहिले. पुन्हा कोरेच. मधात बीजाणू थोडे असले तर हुकतात, म्हणून तिसऱ्यांदा जास्त मध घेतला. तरी कोरे. शेवटी संशयाची सुई माझ्याकडे वळली. मिस्त्रींनी माझा सांधा न् सांधा तपासला. खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले. बाळाचा जंतू माझ्याच पोटात वाढला होता आणि पट्टीही पांढरीशुभ्र होती. अखेर मिस्त्री म्हणाले, "बाई, पेटीत काही खोट नाही. मधातच काही नसेल."

त्याच दुपारी बाळाची आई निकाल विचारायला आली. झोप न मिळालेला तिचा आवाज घोगरा झाला होता. बाईंनी बाळाचा निकाल सांगितला आणि म्हणाल्या, "आजींच्या मधात मात्र काही सापडलं नाही."

"आजींचा मध?"

"त्यांनी बरणी आणून दिली ना. बोटानं चाटवला म्हणाल्या."

 ती अगदी हळू म्हणाली, "आईंनी कधीच नाही चाटवला. मी दिला."

 बाईंनी खिडकी थोडी आणखी उघडली.

"दुपारभर रडायची. अंगावर प्यायची नाही. मला दोन मिनिटं डोळा लागावा एवढंच हवं होतं. म्हणून चोखणीला मध लावून दिली. माझा भाऊ मधमाश्या पाळतो, त्यानं दिलेली बाटली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काहीच दिलं नाही म्हणून बसले. आईंनी मला पाहिलं असणार. पण एका अक्षरानं बोलल्या नाहीत मला."

"ती बाटली कुठे आहे?"

"अर्धी घरी आहे."

"आणि अर्धी?"

"नणंदेला दिली. तिचाही मुलगा अजून वर्षाचा झालेला नाही."

बाईंनी मेजावरचा फोन उचलून खिडकीतून तिच्या हातात दिला. "आधी तिला लाव."

फोन लागेपर्यंतचा तो वेळ माझ्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत लांब वाटला. मी दोन्ही बाह्या लोंबकळत ठेवून ऐकत होते. "वन्सं, मी दिलेला मध बाळाला दिलात का हो? ... चोखणीला लावून? ... मग?" आणि मग ती भिंतीला टेकून रडू लागली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा खांदा धरला.

"काय म्हणाली?"

"तो चोखणी तोंडात धरतच नाही म्हणे. तोंडच फिरवतो. जिभेला मध लागलाच नाही त्याच्या." रडता रडता ती थोडी हसलीही. "इतका हट्टी आहे मेला."

अर्धी बाटली घरून आली, अर्धी नणंदेकडून. दोन्हींतला मध माझ्या पोटात ठेवला गेला, आणि या वेळी तेच करडे ठिपके उगवले. भावाचा यात काय दोष? तोच मध घरातली सगळी मोठी माणसे पोळीला लावून खात होती आणि ठणठणीत होती.

त्यानंतर सासू-सुना एकदमच खिडकीशी आल्या. आजीला अजून काही ठाऊक नव्हते.

"माझ्याच मधात निघालं ना?" तिने विचारले.

"आई," सून म्हणाली, "मी सांगितलं सगळं."

आजी बोळातल्या बाकावर बसली. "कशाला सांगितलंस गं? मला म्हातारीला लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. तुला जन्मभर ऐकवतील. तू आधीच केवढी खचली होतीस."

"तुम्ही तेच धरून बसला असतात तर वन्संच्या घरची बाटली तशीच राहिली असती."

आजीचा हात तोंडावर गेला. स्वतःच्या लेकीच्या घरात त्याच बाटलीतला मध आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार? सुनेवरचा घाव आपल्या अंगावर घ्यायचा, एवढेच तिच्या मनात होते.

बाई काम सोडून कधी मध्येच खोलीबाहेर जात नसत. त्या दिवशी हात धुऊन बाहेर गेल्या आणि त्या दोघींच्या मध्ये बसल्या. "आजी, तुम्ही सुनेला जपायला निघालात. त्यात चूक कशी काढू? पण आम्हाला खरंच ठाऊक असावं लागतं. दुसरं लेकरू कुठे आहे, ते त्याशिवाय कळत नाही."

आजीने सुनेचे बोट धरले. "घरी यातलं काही बोलायचं झालं तर दोघी मिळून बोलू," ती म्हणाली. "एकटी बोलू नकोस."

पुढचे दिवस सावकाश गेले. आधी बाळाची एक पापणी उचलली गेली, मग दुसरी. मग बोटे मुठीत वळली. मग यंत्र काढले. आणि एका दुपारी आजी धापा टाकत खिडकीशी आली.

"रडली. बाई, अशी रडली, अशी रडली, की शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या बाबांनी तक्रार केली."

मिस्त्री पाठमोरे होऊन उगीचच माझी बाही पुसत बसले. बाई म्हणाल्या, "रडू दे. गाल दुखेपर्यंत रडू दे तिला."

मित्रांनो, त्यानंतरही मी बरीच वर्षे काम केले. मग पोलादाची नवी पेटी आली. ती स्वतःच वायू मोजते, काही बिघडले तर स्वतःच भोंगा वाजवते. मला बोळात आणून ठेवले. बाई निवृत्त झाल्या, मिस्त्रीही. माझ्या डोक्यावर आता रिकाम्या खोक्यांची चवड आहे, आणि माझ्या बाह्या एकमेकींना चिकटल्या आहेत. येता-जाता कुणी त्यांवर थोडी पावडर टाकली, तर अजून त्या कुणाच्या कामी येतील. एखाद्या नव्या विद्यार्थ्याला शिकायला तरी. जुन्या वस्तूला अडगळीत टाकण्याआधी एकदा हात घालून पाहा, एवढी माझी विनंती आहे.

माझे दुसरे मागणे त्याहून मोठे आहे. तुमच्या घरी वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका. चोखणीला नको, बोटानेही नको. आणि घरात कधी लेकरू आजारी पडले, तर "कुणी दिलं?" असे दरडावून विचारू नका. "काय दिलं?" एवढेच विचारा, तेही हळू आवाजात. मी भिंतीच्या अलीकडून ऐकले आहे. तसे विचारले की माणसे खरे सांगतात.